पाटा ठेवल्यासारखं

आजींनी हाताचा पंजा छातीच्या मधोमध पसरून ठेवला आणि म्हणाल्या, "इथं पाटा ठेवल्यासारखं होतं. जिना चढले की येतं, जरा बसले की जातं." शेजारी उभ्या असलेल्या मुलाने डॉक्टरांना इंग्रजीत सांगितलं, "आईला ॲसिडिटी झालीय." न्यू जर्सीतल्या एका हॉस्पिटलचा इमर्जन्सी विभाग, संध्याकाळची शिफ्ट, पडदा ओढलेला बेड. डॉक्टरांच्या मागे चाकांच्या स्टँडवरचा कॉम्प्युटर ढकलत आलेला स्क्राइब, म्हणजे डॉक्टरांसोबत फिरून पेशंटची नोट टाइप करणारा मदतनीस, मराठी होता; सातवीपर्यंत ठाण्यात शिकलेला, आता कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. त्याला पाटा कळला, जिना कळला, आणि आजींच्या बोलण्याचं इंग्रजीत काय झालं तेही कळलं. बोटं कीबोर्डवरच होती. त्याने टाइप केलं ते एवढंच: माहिती मुलाने दिली, मुलाच्या म्हणण्यानुसार ॲसिडिटी.

नियमाने बघायला गेलं तर अगदी बरोबर लिहिलं.

तरीही ऐकल्यापासून हा प्रसंग डोक्यात घोळतोय. (वय आणि बेडचा नंबर इथे बदललेला आहे, त्या स्क्राइबनेही आजींचं नाव-गाव सांगितलं नव्हतं. का, ते पुढे येईलच.) आपल्याकडे बारावीनंतर नीट दिली, नंबर लागला की पोर थेट एमबीबीएसला. अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी, मग मेडिकल कॉलेज. आणि त्या अर्जात दवाखान्यात, पेशंटच्या आसपास किती तास घालवले ते दाखवावं लागतं. अर्जात अशा कामांसाठी १५ रकाने असतात, त्यातली ३ कामं आपल्याला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली म्हणून निवडून त्यांच्यावर जास्त लिहायचं. त्या तीनात बसावं म्हणून हजारो मुलं स्क्राइब होतात. आठवड्याला दोन शिफ्ट, एकेक आठ-दहा तासांची, आणि पगार बर्गरच्या दुकानात मिळेल साधारण तेवढाच. तिकडच्या मराठी घरांत यावरून कुरबूर ठरलेली: "डॉक्टर व्हायचंय ना तुला, मग टायपिंग कसलं करतोस?" आईबाबांचं चुकतं असंही नाही. काम टायपिंगचंच आहे. मिनिटाला साठेक शब्द आले नाहीत तर पहिल्या आठवड्यातच दमछाक होते.

पण टायपिंगच्या आधी कान तयार करावा लागतो. आठवडा-दोन आठवडे वर्ग चालतात, रोज परीक्षा. इलियम दोन असतात: एक लहान आतड्याचा शेवटचा भाग, दुसरं कमरेचं हाड, उच्चार एकच, स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक. डिसफेजिया म्हणजे गिळायला त्रास, डिसफेझिया म्हणजे बोलायला. हायड्रॅलझीन ब्लडप्रेशरची गोळी, हायड्रॉक्सिझीन खाजेची. आणि शून्याची गोष्ट तर पहिल्याच दिवशी सांगतात. पाच मिलिग्रॅम लिहिताना पाचापुढे टिंब देऊन शून्य लिहायचं नाही, कारण टिंब दिसलं नाही की पाचाचे पन्नास होतात. उलट, अर्धा मिलिग्रॅम लिहिताना टिंबाच्या आधी शून्य हवंच, नाहीतर पॉइंट पाचचे पाच. युनिट हा शब्द पूर्ण लिहायचा; नुसतं इंग्रजी यू काढलं तर ते घाईत शून्यासारखं दिसतं आणि इन्शुलिनचा डोस दसपट होतो. हे सगळं पाठ झालं की मग जुन्या स्क्राइबच्या मागे उभं राहून काही शिफ्ट काढायच्या, आणि एक दिवस तो जुना स्क्राइब येतच नाही.

तासाला दोन-अडीच नवे पेशंट येतात, म्हणजे शिफ्टमध्ये वीसेक. डॉक्टर पडद्याआड शिरले की स्क्राइब कोपऱ्यात, पेशंटच्या पायाशी उभा राहतो आणि दुखण्याची कहाणी तिथल्या तिथे लिहून काढतो. बाहेर पडल्यावर लिहू म्हटलं की संपलं. तोवर पुढचा बेड आलेला असतो. कुठे दुखतं, कसं दुखतं, किती, कधीपासून, सलग की येऊन-जाऊन, काय करताना, कशाने वाढतं-कमी होतं, आणि सोबत आणखी काय. ही आठ खुंटाळी डोक्यात ठोकलेली असतात. पेशंट बोलेल ते त्या त्या खुंटाळीला अडकवायचं. पेशंट अर्थातच त्या क्रमाने बोलत नाही. तो जावयाच्या गाडीपासून सुरू करतो. मग 'नाही'ची यादी: घाम नाही, जबड्याकडे कळ गेली नाही, दम लागला नाही, पायाला सूज नाही. छातीत दुखण्याच्या नोटमध्ये ही यादी नसेल तर ती नोट अर्धीच. तिकडे हे 'नाही' लिहायची ठरलेली रीत म्हणजे, पेशंट अमुक 'नाकारतो'. छातीत दुखणं नाकारतो, दारू नाकारतो. एप्रिल २०२१ पासून अशा नोटा पेशंटला फोनवर लगोलग वाचायला मिळू लागल्या, तेव्हा लोकांना प्रश्न पडला की हे आम्ही नाकारलं कधी, आरोपी आहोत की काय! शिवाय दम लागण्याचं इंग्रजी संक्षिप्त रूप म्हणजे 'एसओबी'. ती तीन अक्षरं एरवी शिवी म्हणून वापरतात. आता शहाणे स्क्राइब ती पूर्ण लिहितात.

त्या आठातली दुसरी खुंटाळी, 'कसं दुखतं', तिच्यापाशी मराठी माणूस थबकतोच. इंग्रजी नोटमध्ये त्यासाठी आठ-दहा शब्द फिरतात: तीव्र, बोथट, जळजळतं, ठणकतं, पिळवटतं, दाब आल्यासारखं. आपल्याकडे ठणका वेगळा आणि ठसठस वेगळी, ठसठस गळवाला. कळ पोटात येते, चमक पाठीत भरते, गोळा पोटरीला येतो, रग दंडाला लागते. डोळे चुरचुरतात, भाजलेलं हुळहुळतं. चक्कर येण्याचं तर विचारूच नका. इंग्रजीत पेशंट 'डिझी' म्हणतो आणि डॉक्टरला पुढची दोन मिनिटं हेच खोदण्यात घालवावी लागतात की खोली फिरते की शुद्ध हरपेलसं वाटतं. कारण पहिल्याचं मूळ बहुतेकदा कानात किंवा मेंदूत, दुसऱ्याचं रक्तदाबात किंवा हृदयात. कोल्हापूरची म्हातारी पहिल्याच वाक्यात 'गरगरतं' किंवा 'डोळ्यांपुढं अंधारी येते' यातलं एक निवडून मोकळी होते. तेवढ्याच सहजतेने ती 'पित्त झालंय' असंही म्हणते, आणि तिथे मात्र आपली भाषा घोळ घालते. छातीतल्या जळजळीपासून डोकेदुखीपर्यंत सगळं त्या एका पित्तात. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका पोटाच्या वरच्या बाजूला, मळमळ होऊन जाणवू शकतो. अशा वेळी घरात सोडा आणि आल्याचा रस चाललेला असतो.

कसलेल्या स्क्राइबच्या चुका न ऐकण्यातून क्वचित होतात. त्या होतात तयार मजकुरातून. दोन-चार अक्षरं दाबली की पूर्ण शारीरिक तपासणी पानावर उतरते: डोळ्यांच्या बाहुल्या समान, फुप्फुसं स्वच्छ, पोट मऊ, दोन्ही पायांना सूज नाही. एपिकसारख्या सॉफ्टवेअरमध्ये मधे मधे तीन फुल्या असतात. एफ-टू दाबत एकेका फुलीवर उडी मारायची आणि तिथे खरं काय ते भरायचं. रात्री अकराला, चौदाव्या पेशंटला, बोट एफ-टूवर आपोआप चालतं. मग एक डोळा काचेचा असलेल्या माणसाच्या बाहुल्या समान होतात, आणि गुडघ्याखाली पाय कापलेल्याच्या 'दोन्ही पायांना' सूज नसते. कहाणीत उलट्या, आणि खाली लक्षणांच्या यादीत 'उलट्या नाहीत'. डावा-उजवा, ही-हा. एकाच आडनावाचे दोन पेशंट शेजारी शेजारी असले की चुकीची फाइल उघडी राहते; न्यू जर्सीतल्या भारतीय वस्तीच्या एडिसनच्या आसपास एका शिफ्टमध्ये तीन पटेल ही काही मोठी गोष्ट नाही. म्हणून जुने स्क्राइब मजकूर उतरवण्याआधी नाव आणि जन्मतारीख ओठांत पुटपुटतात. आणि डॉक्टरने जे तपासलं नाही, ते तयार मजकुरातून हाताने खोडतात. कानात बघितलं नाही ना, मग कानाची ओळ जाते. डॉक्टर वैतागले तरी जाते.

एवढा मजकूर लागतोच कशाला, असा प्रश्न पडतो. तो पेशंटपेक्षा बिलासाठी लागायचा. जुन्या नियमांत वरच्या पायरीचं बिल लावायचं तर कहाणीतल्या त्या आठांपैकी किमान चार गोष्टी, आणि शरीराच्या किमान दहा संस्थांची विचारपूस नोटमध्ये दिसायला हवी. म्हणून घोटा मुरगळलेल्या माणसालाही दृष्टी, लघवी, खाज सगळं विचारल्याची नोंद. त्यात २००९ च्या कायद्याने हॉस्पिटलांना कागदावरून कॉम्प्युटरवर यायला पैसे देऊ केले, डॉक्टर पेशंटऐवजी स्क्रीनकडे बघू लागले, आणि त्या दोघांच्या मधे हा कॉलेजचा पोरगा येऊन उभा राहिला. २०२३ मध्ये इमर्जन्सीतला तो दहाचा हिशेब गेला. आता बिल ठरतं ते डॉक्टरने विचार काय केला, धोका किती होता यावर. तयार मजकूर मात्र बऱ्याच ठिकाणी आहे तसाच आहे. सवय.

तर, आजी.

त्यांनी आत येता येताच पोराच्या छातीवरचा बिल्ला वाचला होता. "मराठी का रे तू?" "हो आजी." झालं. त्यानंतर त्या डॉक्टरांकडे बघेचनात. सगळं त्याला. सून कामावर गेली होती, धुतलेले कपडे तळघरातून वर आणताना दुसऱ्या वळणावर थांबावं लागलं, चार दिवस असंच चाललंय, याला सांगितलं तर हा म्हणतो मसाला कमी खा. पोराला मान डोलवायलाही भीती वाटत होती. स्क्राइबने पेशंटला हात लावायचा नाही, पाणी द्यायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, आणि भाषांतर तर अजिबात करायचं नाही. भाषा येते म्हणून कुणी दुभाषी होत नाही, हे तिकडे कायद्यातच आहे. २०१० च्या आरोग्य कायद्याच्या कलम १५५७ खाली सरकारी पैसा घेणाऱ्या हॉस्पिटलने पात्र दुभाषी द्यायचा असतो, नातेवाइकावर काम भागवायचं नसतं. यामागचं कारण त्याच बेडशेजारी उभं होतं. मुलगा खोटं बोलत नव्हता. त्याने फक्त आईचं बोलणं आवरतं घेतलं, जसं आपण सगळे म्हाताऱ्या माणसांचं घेतो.

मग स्क्राइबने करायचं काय? एक अरुंद वाट असते. पडद्याबाहेर आल्यावर तो डॉक्टरांना म्हणाला, "मला मराठी कळतं. मुलाने सांगितलं त्याहून त्या बरंच जास्त बोलल्या. दुभाषी घ्यायचा का?" त्या काय बोलल्या, ते मात्र सांगितलं नाही. ते सांगणं म्हणजे भाषांतर. ही रेघ बाहेरून हास्यास्पद वाटते. पण विसाव्या वर्षी, 'पाटा' म्हणजे इंग्रजीत नेमकं काय, हे दडपणाखाली आपल्या मनाने ठरवायचं आणि त्यावर औषधं सुरू व्हायची, हा भार त्या पोरावर नसावा, हेही खरं.

चाकांवरचा टॅब्लेट आला. भाषांच्या यादीत नर्सने आधी हिंदी दाबलं, ते बदललं. काही मिनिटांनी एक बाई स्क्रीनवर आल्या आणि त्यांनी स्वतःचा क्रमांक सांगितला. स्क्राइबने तो नोटमध्ये टाकला, टाकावाच लागतो. चांगला दुभाषी 'ती म्हणते' असं म्हणत नाही, पेशंटच्या तोंडचा 'मी'च ठेवतो. आजी पाट्यापाशी आल्या तशा बाई अडल्या. डॉक्टरांना इंग्रजीत म्हणाल्या, दुभाष्याला एक शब्द स्पष्ट करून घ्यायचाय. मग मराठीत, "आजी, पाटा म्हणजे वाटणाचाच ना?"

"वाटणाचा गं! दुसरा कुठला?"

डॉक्टरांच्या कानी पोचलं ते असं: माझ्या छातीवर वाटण वाटायचा सपाट दगड ठेवलाय. जिना चढताना येतो, बसलं की जातो. डॉक्टरांनी खुर्ची ओढून घेतली. छातीच्या दुखण्यात नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २००८ मध्ये मांडलेला एक गुणांचा तक्ता इमर्जन्सीत सर्रास वापरतात. कहाणी, ईसीजी, वय, जोखमीच्या गोष्टी आणि ट्रोपोनिन नावाची रक्ततपासणी, प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. तीनपर्यंत बेरीज झाली तर धोका कमी, बहुधा घरी पाठवतात. चार ते सहा म्हणजे मधला, ठेवून घ्यायचं. आजी पासष्टीच्या पुढच्या, त्याचे दोन. ब्लडप्रेशरचा एक. दाराशीच काढलेला ईसीजी स्वच्छ, पहिलं ट्रोपोनिन ठीक, दोन्हीला शून्य. उरली कहाणी. ॲसिडिटी लिहिली तर तिला शून्य, बेरीज तीन. दगड, जिना आणि बसल्यावर आराम लिहिलं तर दोन, बेरीज पाच. वाटणाच्या पाट्याने आजींना त्या तक्त्यात एका रकान्यातून पुढच्या रकान्यात नेलं.

८१ मिलिग्रॅमच्या चार ॲस्पिरिन चावायला दिल्या, मिळून ३२४. त्या संत्र्याच्या चवीच्या असतात. "लिमलेटच्या गोळीसारखी आहे की," आजी म्हणाल्या, आणि टॅब्लेटवरच्या बाईंनी नियमाप्रमाणे तेही भाषांतरित केलं. डॉक्टर चालता चालता सांगू लागले: दाबासारखं दुखणं, श्रमाने वाढतं, विश्रांतीने जातं. स्क्राइबने विचारलं, तक्रारीच्या ओळीत त्यांचे शब्द अवतरणात ठेवू का? मुख्य तक्रार पेशंटच्या शब्दांत असावी हे वर्गात शिकवलेलंच असतं, पाळतं कोण! डॉक्टर म्हणाले, ठेव. तेवढ्या एका ओळीत दगड राहिला. खाली, डॉक्टरांचा विचार लिहिलेल्या परिच्छेदात, तो 'दाब' झाला. वरच्या मजल्यावरचे हृदयतज्ज्ञ आपली नोट लिहिताना हा खालचा परिच्छेद उचलणार आणि त्यांच्या नोटवरून पुढची नोट. दोन दिवसांत दगडाचा मागमूस राहणार नाही.

हेच काम आता पुण्यात बसूनही चालतं. बीफार्म, बीएचएमएस, फिजिओथेरपी झालेली किंवा करत असलेली मुलं हेडफोन लावून तिकडच्या डॉक्टरच्या खोलीतलं ऐकतात. न्यूयॉर्कचं आठ वाजताचं क्लिनिक म्हणजे इथे संध्याकाळचे साडेपाच. दिवाळीच्या आसपास तिकडचं घड्याळ सरकलं की साडेसहा, होळीच्या सुमाराला परत साडेपाच. पेशंट त्यांना दिसत नाही. तपासणीच्या टेबलावरचा कागद चुरचुरला की कळतं, पेशंट आडवा झाला. डॉक्टर 'फुप्फुसं स्वच्छ' असं मोठ्याने म्हणाले तरच ते लिहायचं. आपलं पॅरासिटामॉल तिथे ॲसिटामिनोफेन, साल्ब्युटामॉलचं अल्ब्युटेरॉल, ॲड्रेनलिनचं एपिनेफ्रिन. तारखेत महिना आधी. चार-पाच म्हणजे पाच एप्रिल, चार मे नव्हे, आणि ऑपरेशनची तारीख अशी फिरली की तिकडची नर्स डोक्याला हात लावते. आता या दोन्हीकडच्या खुर्च्यांवर खोलीतलं बोलणं ऐकून स्वतःच नोट रचणारी सॉफ्टवेअरं येऊन बसू लागली आहेत. ती झरझर लिहितात. न झालेली तपासणीही कधी कधी सफाईने लिहून टाकतात, त्यामुळे शेवटी वाचून सही करणारा डॉक्टर जागा हवा, ही अट जुनीच राहिली आहे.

रात्री बाराला शिफ्ट संपली. स्क्राइबने प्रत्येक नोटखाली आपली ओळ टाकली की हे अमुक डॉक्टरांच्या उपस्थितीत, त्यांच्यासाठी लिहिलं; डॉक्टरांनी त्याखाली आपली, की हे मी स्वतः केलं आणि वाचून बघितलं. आजींचं दुसरं ट्रोपोनिन अजून यायचं होतं. ते काय आलं, स्क्राइबला ठाऊक नाही. घरी जाऊन, किंवा पुढच्या शिफ्टला, कुतूहलापोटी त्यांची फाइल उघडणं हा गुन्हाच. कुणी कुठली फाइल कधी उघडली याची नोंद राहते आणि नोकरीबरोबर मेडिकलचा अर्जही जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला त्याचा ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा पेपर होता. खिशात शिफ्टभराचा घडी घातलेला कागद: बेड, वय, तक्रार, कुठला रिपोर्ट यायचाय त्यापुढे चौकोन. आलेल्या रिपोर्टांचे चौकोन काळे केलेले. चौदा नंबरच्या बेडपुढे घाईत देवनागरीत 'पाटा' लिहिलेलं आणि शेजारचा चौकोन कोरा. असे कागद बाहेर न्यायचे नसतात. दाराशी कुलूप लावलेली पेटी असते, तिच्या फटीतून त्याने तो आत सरकवला.